६० × ६० / ९२ × ८८ / ४८ : कापडाची क्वालिटी वाचायची कशी

फोनवर ऑर्डर येते ती एवढीच : "साठ साठ, ब्याण्णव अठ्ठ्याऐंशी, अठ्ठेचाळीस पन्हा, दहा हजार मीटर." पलीकडून फोन बंद. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात रोज असे सौदे होतात आणि पाच आकड्यांवर लाखाचा माल ठरतो. नव्यानं कापडाच्या धंद्यात येणाऱ्याला ही भाषा कुणी बसवून शिकवत नाही. दिवाणजीच्या शेजारी बसून, चुका करत ती कानावर पडते.

मी ती चूक करूनच शिकलो. वडिलांनी पहिल्यांदा एक सौदा पूर्णपणे माझ्यावर सोपवला, तो याच क्वालिटीचा होता. सूत आमचं, माग आमचे. मी ९२ हा आकडा फणीचा, म्हणजे मागावर उभ्या तारा ज्या कंगव्यातून ओवतात त्याचा, धरला, तारा ओवणाऱ्या वहिफणीवाल्याला ९२ ची फणी भरायला सांगितली आणि निवांत झालो. माल तयार झाल्यावर व्यापाऱ्यानं टेबलावर भिंग ठेवून तारा मोजल्या. सत्त्याण्णव, कुठं कुठं अठ्ठ्याण्णव. तो काही बोलला नाही. का बोलेल? मागितलं त्यापेक्षा दाट कापड त्याला ठरलेल्या भावात मिळत होतं. दहा हजार मीटरमागं जवळजवळ २९ किलो सूत मी फुकट विणून दिलं होतं. हे २९ किलो आले कुठून, ते खाली हिशेबात दिसेल.

चूक आकड्यात नव्हती, आकडा कुठं मोजायचा यात होती. कापडाचा प्रत्येक आकडा चारपैकी एका ठिकाणचा असतो : सुतावरचा, मागावरचा, टेबलावरचा (म्हणजे मागावरून उतरवून मोजलेला) किंवा प्रोसेस झाल्यानंतरचा. ठिकाण बदललं की आकडा बदलतो. व्यापारातली निम्मी भांडणं इथली आहेत. म्हणून पुढची प्रत्येक पायरी वाचताना हा प्रश्न विचारत चला : हा आकडा कुठला?

पायरी पहिली : ओळ फोडा

६० × ६० म्हणजे सुताचे काउंट. पहिला उभ्या सुताचा, म्हणजे ताण्याचा. दुसरा आडव्या सुताचा, म्हणजे बाण्याचा. ९२ × ८८ मध्ये ९२ म्हणजे एका इंचातल्या उभ्या तारा. याला बोलताना सगळे 'रीड' म्हणतात. ८८ म्हणजे एका इंचातले आडवे धागे, म्हणजे 'पीक'. शेवटचा ४८ हा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, इंचात. क्रम नेहमी उभा आधी, आडवा नंतर.

ओळीत विणीचा उल्लेख नसेल तर साधी वीण समजतात : एक तार वर, एक खाली. ट्विल असेल तर २/१ किंवा ३/१ असं वेगळं सांगतात. जीन्सचं डेनिम बहुतेक ३/१ असतं, म्हणजे उभी तार तीन आडव्यांवरून जाते आणि एकीखालून. सॅटिन, डॉबी, जकार्ड हे त्यापुढचे मजले. सध्या साध्या विणीवरच राहू. साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी ही साध्या विणीतली जुनी, ओळखीची कॅम्ब्रिकची, म्हणजे पातळ सुती कापडाची, क्वालिटी आहे.

पायरी दुसरी : सूत ओळखा

काउंट उलटा चालतो. नंबर मोठा तितकं सूत बारीक. २० काउंटचं सूत जाड, ६० चं बारीक, १०० चं त्याहून बारीक. कारण काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. ६० काउंट म्हणजे पौंडभर सुतात साठ लडी. आपण मीटर आणि किलो वापरतो, सूत मात्र अजून वार आणि पौंडातच बोलतं. त्यातून एक सोपा आकडा काढून खिशात ठेवा : १ काउंटच्या सुताचं एक मीटर ०.५९०५ ग्रॅम भरतं. बाकी कुठल्याही काउंटला याच आकड्याला काउंटनं भागायचं. ६० काउंटचं एक मीटर म्हणजे ०.५९०५ ÷ ६०, साधारण ०.००९८ ग्रॅम. पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

'दोन-चाळीस' असं कुणी म्हटलं तर ते चाळीस काउंटचे दोन धागे पीळ देऊन एक केलेलं सूत. जाडीनं ते २० काउंटचं धरायचं. पॉलिस्टर फिलामेंट मात्र डेनियरमध्ये बोलतं, आणि डेनियर सरळ चालतो : ९००० मीटरचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर, म्हणजे आकडा मोठा तर सूत जाड. दोन्हींची सांगड घालायची असेल तर ५३१५ ला एकानं भागा, दुसरा मिळतो. दीडशे डेनियर म्हणजे साधारण ३५ काउंट.

कोनाच्या, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडाळीच्या, पेटीवर आणखी अक्षरं असतात. 'के-डब्ल्यू' म्हणजे कार्डेड वार्प, 'सी-डब्ल्यू' म्हणजे कोम्ब्ड वार्प. कोम्ब्डमध्ये आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून ते गुळगुळीत आणि महाग. 'एच' असेल तर होजिअरीचं सूत. ते चुकून ताण्याला घेऊ नका, कारण त्यात पीळ कमी असतो. पिळाचा हिशेब असा : इंचातले वेढे म्हणजे एक गुणक गुणिले काउंटचं वर्गमूळ. ताण्याच्या सुताला गुणक साधारण ४.२ च्या पुढं असतो, होजिअरीला साडेतीनच्या आसपास. ४० काउंटला ताण्यासाठी इंचाला सव्वीस-सत्तावीस वेढे पडतात, होजिअरीत बावीसच. कमी पिळाचं सूत बनियनला मऊ लागतं. मागावर मात्र दर मिनिटाला शे-दीडशे ठोके खाताना ते टिकत नाही.

पेटीवर लिहिलेला काउंट खरा आहे का? गिरणीत आणि सुताला खळ चढवणाऱ्या चांगल्या सायझिंगमध्ये यासाठी रॅप रील असतो. दीड वार घेराचं चक्र, ८० फेरे, म्हणजे १२० वार सूत. याला 'ली' म्हणतात. सात लींची एक लड. लीचं ग्रॅममधलं वजन घ्या आणि ६४.८ ला त्यानं भागा. वजन १.०८ ग्रॅम आलं तर काउंट बरोबर ६०. १.१३ आलं तर ५७ च. हे सूत जाड आहे आणि किलोला मीटर कमी देणार आहे. याच लीची ताकद पौंडात मोजून तिला काउंटनं गुणलं की 'सी-एस-पी' मिळतो. सूत विकणारा दलाल हाच आकडा पुढं करतो. मी तो बघतो, पण त्याच्याआधी काउंट पाच-सहा कोनांवर मोजून बघतो. सरासरी ठीक आणि कोनाकोनात फरक असेल तर कापडावर पट्टे दिसतात, आणि ते रंगल्यावरच दिसतात.

पायरी तिसरी : सायझिंग आणि वहिफणी

उभ्या तारा मागावर ताठ उभ्या राहून घासल्या जातात. तशाच घातल्या तर दर मिनिटाला तुटतील. म्हणून आधी वार्पिंग : क्रीलवर, म्हणजे कोनांच्या चौकटीवर, शेकडो कोन लावून सगळ्या तारा समांतर एका बीमवर गुंडाळायच्या. असे चार-सहा बीम एकत्र करून मग सायझिंगमध्ये त्यांना खळ चढवायची, सुकवायची आणि मागाच्या बीमवर घ्यायची. सुती ताण्यावर साधारण १० ते १४ टक्के खळ चढते. ही खळ कापडाबरोबर वजनात येते, हे लक्षात ठेवा. पुढं तिच्यामुळंच फसवणूक होते.

मग वहिफणी. एकेक तार वहीच्या डोळ्यातून ओवायची आणि पुढं फणीच्या दातांमधल्या फटीतून काढायची. वही तार वर-खाली करते, फणी तारांमधलं अंतर राखते आणि आडवा धागा ठोकून बसवते. आपल्याकडं हे काम करणाऱ्यांना वहिफणी कामगारच म्हणतात. चार-साडेचार हजार तारा हातानं ओवण्याचं हे काम आहे. एक तार चुकीच्या फटीत गेली तर थानभर एक रेघ चालत राहते. बीम संपून तीच क्वालिटी पुन्हा घ्यायची असेल तर नवी वहिफणी करत नाहीत. जुन्या तारांना नव्या तारा गाठ मारून जोडतात.

आता फणीचा नंबर. इथंच माझा पाय घसरला होता. आपल्याकडच्या फण्यांवरचा नंबर म्हणजे दोन इंचांतल्या फटींची संख्या. एका फटीत दोन तारा घालायच्या ही साधी रीत, म्हणून नंबर आणि इंचातल्या तारा एकच येतात. ८६ ची फणी म्हणजे दोन इंचांत ८६ फटी आणि इंचाला ८६ तारा. फटीत तीन किंवा चार तारा घातल्या की हे समीकरण मोडतं, म्हणून फणीचा नंबर विचारताना 'किती तारी?' हेही विचारायचं.

पण ८६ तारा कुठं? फणीत. कापड फणीतून पुढं आलं की आडवं आक्रसतं, कारण आडवा धागा उभ्या तारांवरून-खालून नागमोडी जातो आणि त्याची लांबी त्यात खर्च होते. मागावर टेंपल ते दोन्ही काठांनी ताणून धरतात, पण टेंपल सुटली की कापड आत येतंच. साध्या विणीच्या या क्वालिटीत मी साधारण ६ टक्के धरतो. टेबलावर ४८ इंच पन्हा हवा तर फणीत सुमारे ५१ इंच भरावी लागतात. ५२ इंची मागावर ते आरामात बसतं.

टेबलावर ९२ तारा, पन्हा ४८ : एकूण तारा ४४१६. त्या फणीत ५१ इंचांत पसरल्या तर इंचाला ८६.६. म्हणजे फणी ८६ किंवा ८७ ची. ९२ ची नव्हे. मी ९२ ची फणी ५१ इंच भरली तेव्हा तारा झाल्या ४६९२. २७६ तारा जास्तीच्या, दहा हजार मीटर लांब. टेबलावर ४६९२ ला ४८ नं भागलं की ९७.७५, म्हणून व्यापाऱ्याला भिंगातून सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दिसल्या.

काठासाठी थोड्या तारा जादा घालतात ते वेगळं. त्या मी इथं हिशेबात घेतलेल्या नाहीत, प्रत्यक्षात घ्या.

पायरी चौथी : पीक, म्हणजे पैसे

आडवा धागा कांडीवर भरतात, कांडी धोट्यात बसते, धोटा इकडून तिकडं उडतो. एक फेक म्हणजे एक पीक. रॅपियर आणि एअरजेट या नव्या मागांमध्ये धोटाच नसतो, तिथं सूत पकडून ओढलं जातं किंवा हवेनं फेकलं जातं. पण पीक तेच.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून इथलं गणित पिकावर चालत आलं आहे. यंत्रमाग कामगाराची मजुरी ५२ पिकाच्या मीटरला इतके पैसे अशी बोलतात. खर्चीवाल्याला, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणि बीम घेऊन विणून देणाऱ्याला, पिकाला पैसे या हिशेबानं खर्ची मिळते. यामागं साधं कारण आहे. माग मिनिटाला ठराविकच ठोके मारतो. पीक वाढलं की तेवढ्याच वेळात कापड कमी निघतं. मिनिटाला १५० ठोके आणि ८० टक्के चालू वेळ धरा. तासाला ७२०० पीक. ५२ पिकाच्या एका मीटरला साधारण २०४७ पीक लागतात, म्हणजे तासाला साडेतीन मीटर, बारा तासांच्या पाळीत ४२ मीटर. आपल्या ८८ पिकाच्या कापडाला मीटरमागं ३४६५ पीक, तासाला दोन मीटरच्या थोडं वर, पाळीत २५ मीटरही होत नाहीत. माग तोच, माणूस तोच.

म्हणून पिकात काटछाट करण्याचा मोह सगळ्यांना होतो. टेक-अपचं, म्हणजे विणलेलं कापड पुढं ओढणारं, चक्र बदललं की पीक बदलतं. दोन पीक कमी केलं तर उघड्या डोळ्यांना काही कळत नाही. समजा खर्ची पिकाला १० पैसे आहे. ८८ च्या जागी ८६ विणलं आणि ८८ चं बिल लावलं तर मीटरला २० पैसे, दहा हजार मीटरला दोन हजार रुपये, वर वाचलेलं सूत वेगळं. उलट बाजूनंही खेळ होतो. कापड मागावरून उतरल्यावर लांबीतही थोडं आक्रसतं, त्यामुळं मागावर ८६ असलेलं पीक टेबलावर ८८ भरू शकतं. व्यापारी मागावर ८८ मागतो आणि टेबलावरही ८८ च मोजून घेतो का, की ९० मिळालं तर गप्प बसतो? सौद्यात 'ऑन लूम' की 'ऑन टेबल' हे शब्द बोलून घ्या. दोन शब्दांचा खर्च काही नाही.

पीक मोजायला एक इंच चौकटीचं भिंग घ्या आणि सुईच्या टोकानं धागे ढकलत मोजा. काठापासून किमान चार बोटं आत, एका थानात पाच ठिकाणी, पैकी एक ठिकाण थानाच्या टोकाजवळचं. एका जागी मोजून भांडू नये.

पायरी पाचवी : सूत किती लागेल

हा हिशेब अनेकांना अवघड वाटतो, कारण त्यात इंच, मीटर आणि पौंड एकत्र भरडलेले असतात. खरं तर दोनच ओळी आहेत.

ताणा : एकूण तारा × १.०६ × ०.०५९०५ ÷ काउंट = १०० मीटर कापडाला लागणारं सूत, किलोत. १.०६ यासाठी की उभी तारही नागमोडी जाते. १०० मीटर कापडाला १०६ मीटर तार लागते असं इथं धरलंय.
४४१६ × १.०६ × ०.०५९०५ ÷ ६० = ४.६१ किलो.

बाणा : पीक × फणीतली रुंदी इंचात × ०.०५९०५ ÷ काउंट.
८८ × ५१ × ०.०५९०५ ÷ ६० = ४.४२ किलो.

बाण्याच्या सूत्रात मीटर कुठं गेले? एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणून पीक ३९.३७ नं गुणायचं, आणि रुंदी इंचातून मीटरमध्ये आणायला ३९.३७ नं भागायचं. दोन्ही एकमेकांना खातात. एका मीटर कापडात ८८ × ५१ म्हणजे ४४८८ मीटर आडवं सूत आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी वडिलांच्या डायरीतले सगळे जुने हिशेब पुन्हा पडताळले होते. त्यांना हे सूत्र माहीत नव्हतं, पण आकडे बरोबर होते.

फणीतली रुंदी म्हणजे ५१, पन्ह्याचा ४८ नव्हे, हे ध्यानात ठेवा. इथंही जागेचाच प्रश्न. ४८ घेतलं तर १०० मीटरला पाव किलोच्या आसपास सूत कमी दिसेल आणि शेवटचे काही तागे विणायला बाण्याचं सूत उरणार नाही.

दोन्ही मिळून ९.०३ किलो. यावर वाया जाणारं सूत आपल्या अनुभवानं धरा. आता माझं नुकसान : ४६९२ तारांना ताणा ४.८९ किलो लागतो, ४४१६ ला ४.६१. फरक १०० मीटरला २८८ ग्रॅम. दहा हजार मीटरला २८.८ किलो.

पायरी सहावी : हातात आलेलं ग्रे कापड तपासा

मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या कापडाला ग्रे म्हणतात. नावाला राखाडी, प्रत्यक्षात पिवळसर. समजा तुम्ही घेणारे आहात आणि समोर तागा आहे.

आधी उभा-आडवा ओळखा. काठ असेल तर काठाला समांतर तो ताणा. नुसता तुकडा असेल तर दोन्ही दिशांचा एकेक धागा उसवा. खळ चढलेला, जरा कडक आणि सरळ तो ताणा. आडवा धागा जास्त नागमोडी असतो.

मग २० × २० सेंटिमीटरचा तुकडा नीट कापा आणि सोनाराच्या काट्यावर वजन करा. ग्रॅमला २५ नं गुणलं की जी-एस-एम, म्हणजे चौरस मीटरचं वजन. आपल्या कापडाचं किती यावं? १०० मीटरला सूत ९.०३ किलो, ताण्यावर १२ टक्के खळ धरून आणखी ०.५५ किलो, एकूण ९.५८ किलो. पन्हा ४८ इंच म्हणजे १.२२ मीटर. चौरस मीटरला साधारण ७८-७९ ग्रॅम. तुकडा ३.१४ ग्रॅमच्या जवळ भरला पाहिजे.

भरला म्हणून लगेच खूश होऊ नका. वजन सुताचं आहे की खळीचं? बारीक सूत, कमी पीक आणि वर भरपूर खळ, असं कापड काट्यावर पास होतं, हाताला छान कडक लागतं आणि पहिल्या धुण्यात जाळी होतं. आयोडीनचा थेंब टाकून बघा, स्टार्चची खळ असेल तर निळा-काळा डाग पडतो. पण त्यातून खळ आहे एवढंच कळतं. ती किती आहे हे बघायला तोच तुकडा गरम पाण्यात डिटर्जंट घालून चांगला उकळा, दोन-तीन पाण्यांतून काढा, पूर्ण सुकवा, पुन्हा काट्यावर ठेवा. आपल्या हिशेबानं एकूण वजनातली खळ सहा टक्क्यांच्या आत आहे. कापसाचं नैसर्गिक मेण वगैरे थोडं आणखी जाईल. घट बारा-तेरा टक्क्यांवर गेली तर समोरच्याला शांतपणे विचारा की सूत किती काउंटचं वापरलं.

किंवा स्वतःच काढा. धुतलेल्या तुकड्यातून एकाच दिशेचे १०० धागे उसवा. एक धागा सरळ ताणून मोजा. तो २० सेंटिमीटरच्या तुकड्यातून २१.२ सेंटिमीटर निघाला, तर नागमोडीपणा ६ टक्के. वर १.०६ घेतलं होतं तेच हे. धुताना तुकडा आक्रसलेला असतो, म्हणून उकळण्याआधी एक धागा काढून मोजलेला बरा. आता १०० धागे म्हणजे २१.२ मीटर सूत. काट्यावर ठेवा. ०.२१ ग्रॅम भरलं तर ०.५९०५ × २१.२ ÷ ०.२१ = ५९.६. सूत साठचंच. ०.१८ भरलं तर सत्तरच्या जवळचं, म्हणजे पैसे साठचे घेऊन बारीक सूत घातलंय. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यात पाच टक्के इकडं-तिकडं होणारच. म्हणून ५७ आणि ६० वरून वाद घालू नका, ७० आणि ६० वरून घाला.

दोषांकडं वळू. तुटलेली उभी तार म्हणजे लांब पोकळ रेघ. सुटलेलं पीक म्हणजे आडवी फट. माग थांबून पुन्हा सुरू होताना पडलेली दाट किंवा विरळ आडवी पट्टी. तेलाचा डाग. टेंपलची भोकं. धागे न विणता मोकळे तरंगलेला भाग. हे मोजायची चार गुणांची पद्धत आता सगळीकडं चालते : ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ३ ते ६ ला २, ६ ते ९ ला ३, त्यापुढं ४. एका वारात चारपेक्षा जास्त गुण धरायचे नाहीत. मग एकूण गुण × ३६००, भागिले पन्हा इंचात गुणिले लांबी वारांत. १०० मीटरचा तागा म्हणजे १०९.४ वार. त्यात ३० गुण निघाले तर १०० चौरस वाराला साधारण २०.६ गुण. ४० च्या आत असलं की माल बहुतेक ठिकाणी पास होतो. पण एकाच जागी दाटलेले दहा गुण आणि थानभर पसरलेले दहा गुण कटिंगवाल्याला सारखे नसतात. पसरलेले जास्त छळतात, प्रत्येक शर्टात एक येतो.

पायरी सातवी : प्रोसेस, थोडक्यात

पुढचे शब्द पटकन सांगतो, तो माझा प्रांत नाही. सिंजिंग म्हणजे ज्योतीवरून नेऊन वरची लव जाळणं. डिसायझिंगमध्ये खळ काढतात, स्कवरिंगमध्ये मेण आणि मळ, ब्लीचिंगमध्ये पिवळेपणा. मर्सरायझिंग म्हणजे ताण देऊन कॉस्टिक सोड्यातून काढणं. जॉन मर्सर या इंग्रजानं कॉस्टिकचा हा परिणाम एकोणिसाव्या शतकात शोधला, त्याचंच नाव राहिलं. यानं सुताला चकाकी येते आणि रंगवायला रंग कमी लागतो. सॅनफोराइझ म्हणजे कापड आधीच आक्रसवून ठेवणं, म्हणजे ग्राहकाच्या बादलीत आक्रसत नाही.

आपल्या आकड्यांचं मात्र इथं पुन्हा एकदा काय होतं ते बघा. ४८ इंची ग्रे कापड प्रोसेसमधून ४४ इंच होऊन आलं असं धरा. तारा त्याच ४४१६. इंचाला झाल्या १००. म्हणजे एकाच कापडाच्या उभ्या तारा फणीत ८६-८७, टेबलावर ९२ आणि दुकानात १००. तिघंही खरं बोलतायत. रेडीमेडवाला शंभर म्हणतो आणि तुम्ही शंभरची फणी भरता, मग तुमचेही २९ किलो जातात. नव्हे, त्याहून बरेच जास्त.

पायरी आठवी : सौदा लिहून घ्या

फोनवरच्या पाच आकड्यांना मी आता व्हॉट्सअॅपवर असं उत्तर पाठवतो :

"ताणा ६० सी-डब्ल्यू, बाणा ६० कार्डेड. साधी वीण. ऑन टेबल ९२ × ८८, पीक एक कमी-जास्त चालेल. ग्रे पन्हा ४८, काठासकट. १०० मीटरला वजन खळीसह ९.५८ किलो, दोन टक्के इकडं-तिकडं. तागा १०० मीटरचा, जोड दोनपेक्षा जास्त नाही. चार गुणांनी तपासणी, ४० च्या आत. बरोबर असेल तर 'हो' पाठवा."

कार्डेड की कोम्ब्ड, काठासकट की काठ सोडून, जोड किती, हे तीन प्रश्न तिकडून हमखास उलटून येतात. येऊ द्यात. समोरच्यानं त्याचा विचार केलेला नव्हता, एवढंच त्यातून कळतं.

'हो' आलं की पहिल्या मागावरून उतरलेलं पाऊण मीटर कापड कापायचं, त्याचे दोन तुकडे करायचे, दोन्हींवर मार्करनं तारीख, बीम नंबर आणि 'ऑन टेबल' लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक तुकडा त्यांच्याकडं, एक आपल्या कपाटात. माझ्या कपाटात असे तुकडे गठ्ठ्यानं आहेत. सगळ्यात खाली ९७ तारांचा तो पहिला आहे. सही त्याच्यावर कुणाचीच नाही.